झेपेल तेवढंच?

साठी ओलांडलेल्या माणसाला आपल्याकडे आरोग्याचा जो सल्ला मिळतो, तो तीन वाक्यांत आटोपतो. रोज सकाळी फिरायला जा. रात्री हलकं खा. जड काही उचलू नका. या तिन्हींना मिळून एक शेपूट असतं: ‘झेपेल तेवढंच करा.’ डॉक्टर हे सांगतात, सूनबाई सांगते, शेजारचे काका सांगतात, रविवारच्या पुरवणीतलं आरोग्याचं पान सांगतं, ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यानाला आलेला पाहुणाही हेच सांगून शाल-श्रीफळ घेऊन जातो. सल्ला इतका मायेचा वाटतो की त्याला कुणी पुरावा मागत नाही. माझं म्हणणं असं की यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, दुसरं बहुतेकांच्या बाबतीत चुकीचं आहे, तिसरं घातक आहे, आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्या शेपटानं केलेलं आहे. झेपणं ही काही उंचीसारखी एकदा ठरून गेलेली गोष्ट नव्हे. रोज झेपेल तेवढंच केलं तर वर्षागणिक झेपणारं कमी होत जातं. झेपतं त्याच्या किंचित पुढचं, नेमानं आणि मोजून केलं, तर नव्वदीतही ते वाढतं. याची मोजमापं झालेली आहेत आणि ती आता पस्तीस वर्षं जुनी आहेत.

म्हातारपणी अंगावरचं मांस झडतं हे पूर्वापार सगळ्यांना दिसत होतं, पण त्याला वेगळं नाव नव्हतं. १९८८ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्क इथं भरलेल्या एका परिषदेत आयर्विन रोझेनबर्ग या पोषणतज्ज्ञानं मुद्दा काढला की वयाबरोबर होणाऱ्या ऱ्हासांत स्नायूंच्या ऱ्हासाइतका ठळक दुसरा कुठलाच नसेल, तरी त्याकडे कुणाचं लक्ष नाही. नाव दिलं तर कदाचित जाईल. मग त्यानं दोन ग्रीक शब्द जोडून ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं. अर्थ साधा आहे: मांसाची वानवा. अमेरिकेतल्या रोगांच्या यादीत या वानवेला स्वतःचा क्रमांक मिळायला २०१६ साल उजाडलं, म्हणजे बारसं होऊन अठ्ठावीस वर्षं पत्रिकाच नव्हती. या काळात एक गोष्ट स्पष्ट होत गेली. पन्नाशीनंतर स्नायूंचा आकार वर्षाला एखाद टक्क्यानं घटतो, पण ताकद त्याच्या दुपटी-तिपटीनं घटते. आणि झटकन जोर लावणारे जे तंतू असतात, ते आधी बारीक होतात. त्यामुळे आरशात फारसं काही दिसत नसताना पाय निकामी होत आलेले असू शकतात.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. सोफ्यावरून उठणाऱ्या माणसाकडे नीट पाहावं. आधी तो कडेपर्यंत सरकतो, तळहात गुडघ्यांवर किंवा सोफ्याच्या हातांवर रोवतो, पुढे झोका घेतो. पहिला झोका फसतो, दुसऱ्याला तो उठतो, आणि पाऊल टाकण्याआधी क्षणभर टेबलाची कड धरून उभा राहतो. बसताना शेवटची वीतभर उंची तो बसत नाही, पडतो. मराठीत याला बसकण मारणं असा नेमका शब्द आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूनं शरीर शेवटपर्यंत तोलून धरलं की वाटेत सोडून दिलं, एवढाच बसण्यात आणि बसकण मारण्यात फरक. तीच गोष्ट एसटीच्या दाराची. तिची पहिली पायरी जमिनीपासून इतकी वर असते की सगळं शरीर एका पायावर उचलल्याशिवाय आत जाता येत नाही. पंचाहत्तरी गाठलेल्यांना महाराष्ट्रात २०२२ पासून एसटीचं तिकीट माफ आहे; पायरी कुणी माफ केलेली नाही. सपाट रस्त्यावर तासभर फिरणाऱ्या माणसाला या पायरीपुढे वाहकाचा हात का लागतो, हा प्रश्न ‘चाला, म्हणजे सगळं ठीक होईल’ असं सांगणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावा.

आता पुरावा. बॉस्टनमध्ये वृद्धांसाठीचं एक मोठं निवासी रुग्णालय आहे. तिथं राहणाऱ्या दहा जणांवर मारिया फियातारोने आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. या दहा जणांचं सरासरी वय नव्वद होतं. माणसं धडधाकट नव्हती; जुनी दुखणी होती, काही काठी घेऊन चालत. त्यांना हलकेफुलके हातवारे शिकवण्याऐवजी एका यंत्रावर बसवून मांडीच्या स्नायूनं वजन उचलायला लावलं. तेही केवढं? पहिल्या आठवड्यात, एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या निम्मं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या ऐंशी टक्के. आठ वेळा उचलायचं, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. आणि ताकद वाढली की वजनही वाढवायचं. विशीतल्या पैलवानाला द्यावा तसाच हा हिशेब आहे. आठ आठवड्यांनी, शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. मांडीच्या स्नायूचा आकार नऊ टक्क्यांनी वाढला. दोघांनी चालताना काठी वापरणं सोडलं. या निबंधातला एक आकडा मात्र सहसा कुणी सांगत नाही आणि तो माझ्या मते तितकाच महत्त्वाचा आहे: व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमाल ताकदीतली ३२ टक्के निघून गेली.

दहा माणसांचा प्रयोग तो केवढासा, असा आक्षेप रास्त होता. तो घेतलाही गेला. म्हणून त्याच गटानं पुढे शंभर जणांवर, सरासरी वय ८७, प्रयोग केला आणि तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. चार गट पाडले: एकाला वजनांचा व्यायाम, एकाला पौष्टिक पेय, एकाला दोन्ही, एकाला यांतलं काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची तीन टक्क्यांनी. जिना चढण्याचा जोर व्यायामवाल्यांमध्ये २८ टक्क्यांनी वाढला. नुसतं पेय पिणाऱ्यांना काडीचा फायदा झाला नाही. पोट पेयानं भरलं आणि ताटातलं कमी गेलं. हे शेवटचं वाक्य औषधाच्या दुकानात ‘ज्येष्ठांसाठी खास’ म्हणून मांडलेल्या डब्यांच्या फडताळाखाली लावायला हरकत नाही.

चालण्याविरुद्ध माझं काही नाही. हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला आणि मनाला चालणं चांगलं. सकाळच्या कट्ट्यावर चार माणसं भेटतात हा तर वेगळाच फायदा. फक्त त्याच्या नावावर जे खपवलं जातं ते तपासायला हवं. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या संशोधनातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. जाहिरातीतला आकडा आज मनगटावरच्या घड्याळातून आपल्याला दटावतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क स्त्रियांवरचा जो मोठा अभ्यास आला, त्यात साडेसात हजारांच्या पुढे मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. दिवसाला सुमारे चार हजार चारशे पावलांवरच बराच फायदा पदरात पडलेला होता. म्हणजे चालण्यातलं मिळायचं ते लवकर मिळून जातं. पुढची दोन-चार हजार पावलं गोळा करण्यासाठी संध्याकाळी घरातल्या घरात येरझारा घालणाऱ्यानं तो वेळ खुर्चीतून उठबस करण्यात घालवला तर जास्त बरं.

कुणी म्हणेल, सत्तर ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांवर झालेल्या ‘लाइफ’ या अमेरिकी चाचणीत चालण्यावर भर होता आणि अपंगत्वाचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला, त्याचं काय? खरं आहे. पण त्या कार्यक्रमात पायांना वजनं बांधून केलेले व्यायाम होते, तोलाचेही होते. ती नुसती प्रभातफेरी नव्हती. पडण्याचा प्रश्न घेतला तर चित्र आणखी स्वच्छ होतं, कारण खुब्याचं हाड मोडणं म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत स्वतंत्र आयुष्याचा शेवट. कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये १०८ चाचण्या, तेवीस हजारांहून जास्त माणसं, एकत्र करून पाहिली. तोल सांभाळण्याचे आणि उठणं-बसणं-पायरी चढणं अशा रोजच्या हालचालींचे व्यायाम केल्यावर पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं. त्यात ताकदीचे व्यायाम मिसळले तेव्हा घट ३४ टक्क्यांच्या घरात गेली. नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं की नाही, हे सांगण्याइतका पुरावा सापडला नाही. इथं एक कबुली माझ्याही बाजूनं द्यायला हवी: नुसत्या वजनांच्या व्यायामाबद्दलही तो पुरावा सापडला नाही. यंत्रावर बसून मांड्या बळकट केल्या आणि एका पायावर कधी उभंच राहिलं नाही, तर तोल आपोआप येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सगळ्या प्रौढांना सांगितला आहे, आणि पासष्टीपुढे तोल आणि ताकद दोन्ही असलेला व्यायाम तीन दिवस. हे कलम आपल्याकडे भाषांतरात कुठे गळतं कोण जाणे. ‘रोज अर्धा तास चाला’ एवढंच खाली पोहोचतं.

‘आमच्या आजोबांनी कुठे डंबेल उचलले होते?’ हा आक्षेप हमखास येतो आणि तो घेणाऱ्याला वाटतं की आता बोलणं संपलं. आजोबांनी डंबेल उचलले नसतील. पोहरे ओढले, पोती उचलली, डोक्यावर भारे आणले. आजीनं जातं फिरवलं, मुसळ चालवलं, कमरेवर एक आणि डोक्यावर एक कळशी आणली. त्यांचा व्यायाम आयुष्यात मुरलेला होता, म्हणून वेगळा दिसत नव्हता. शिवाय ज्या आजोबांची आठवण काढली जाते ते ऐंशीपर्यंत जगलेले असतात. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. वाटेत गेलेल्यांचे फोटो भिंतीवर नाहीत. आणि पाटावरचं जेवण, सतरंजीवरचं निजणं, चुलीपुढचं बसणं यांमुळे ती पिढी दिवसातून पंचवीस-तीस वेळा जमिनीवरून उठत होती. आपण डायनिंग टेबल, पलंग आणि कमोड आणले. ते आणायलाच हवे होते, पण बैठका त्यांनी काढून घेतल्या आणि बदल्यात काही ठेवलं नाही. ब्राझीलमधले डॉ. क्लाउडिओ जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं आणि हाताचा, गुडघ्याचा टेकू जितक्या वेळा लागला तितके गुण कापले. कमी गुणांच्या माणसांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. यावरून जमिनीवर बसल्यानं आयुष्य वाढतं असा अर्थ काढता येत नाही; अशक्त माणूस उठू शकत नाही आणि अशक्त माणूस लवकर जातो, असंही ते असू शकतं. हाताच्या पकडीचंही तेच. भारतासह सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या ‘प्युअर’ अभ्यासात पकड पाच किलोंनी कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि भाकीत करायला पकड ही वरच्या रक्तदाबापेक्षा सरस ठरली. म्हणून स्प्रिंगचा चिमटा दाबत बसून कुणी शतायुषी होणार नाही. पकड हा इंधनाचा काटा आहे, टाकी निराळी.

परंपरेचंच बोलायचं तर ‘किंचित पुढे’ हा नियम आपल्या तालमींना फार आधीपासून ठाऊक आहे. वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला लावत नाही आणि वर्षभर वीसवरही ठेवत नाही. मुद्गलाची जोडी पेलू लागली की पुढची जड जोडी हातात येते. चूक एवढीच झाली की हे शहाणपण आपण मिसरूड फुटलेल्या पोरांपुरतं राखून ठेवलं आणि ज्यांना त्याची खरी गरज त्यांना बाकावर बसवलं. सूर्यनमस्काराचं नाव इथं निघणारच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये तो रुजवला, त्याचं श्रेय मोठं आहे, आणि ज्याला तो नीट घालता येतो त्यानं जरूर घालावा. पण त्यात ओझं शरीराच्या वजनाइतकंच राहतं, वाढते ती फक्त संख्या; काही ओढायचं किंवा जमिनीवरून उचलायचं त्यात नाही; आणि ज्याच्या मनगटात, गुडघ्यात दम उरलेला नाही त्याला पहिल्याच वेळी पालथं होऊन उठता येत नाही. अशा माणसाला सूर्यनमस्कार हा व्यायामाचा आरंभ न होता शेवटचा टप्पा होतो. नगरपालिकांच्या बागांमधल्या त्या निळ्या-पिवळ्या यंत्रांचीही गत तीच आहे. सर्वांत लोकप्रिय यंत्र कोणतं? दोन पट्ट्यांवर उभं राहून पाय हवेत मागेपुढे झुलवायचं. त्यात ओझं जवळपास शून्य. बसून ओढायच्या यंत्रात ओझं आहे, पण ते कमीजास्त करायची सोय नाही: चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंना ते हलत नाही, त्यांच्या नातवाला ते खेळणं वाटतं. वजन बदलता येत नसेल तर तिथं प्रगती व्हायची कशी?

एक आक्षेप मात्र मला खरोखर भारी वाटतो. जड उचलण्यानं माणूस टिकत असता तर हमाल, गवंड्याच्या हाताखालची बाई, ऊसतोडीला जाणारी जोडपी सगळ्यांत निरोगी म्हातारी झाली असती. तसं होत नाही. डेन्मार्कमधले आंद्रेयास होल्टरमान आणि त्यांचे सहकारी या विसंगतीवर बरीच वर्षं काम करत आहेत. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा की ज्या पुरुषांचं कामच कष्टाचं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी जास्त आढळला, फावल्या वेळातल्या व्यायामानं मात्र धोका घटतो. याचं उत्तर ओझ्यात नाही, ओझ्याच्या भोवती आहे. बॉस्टनच्या आजींनी आठ वेळा वजन उचललं आणि थांबल्या. एका दिवसाआड विश्रांती मिळाली. जेवण वेळेवर होतं. उसाची मोळी दिवसभर, रोज, उपाशीपोटी, वाकलेल्या कमरेनं उचलली जाते आणि दुखलं म्हणून खाडा केला तर पैसे कापले जातात. स्नायू वाढतो तो ओझ्यानंतरच्या विश्रांतीत आणि अन्नात. ती दोन्ही हिसकावून घेतलेल्या कष्टाला व्यायाम म्हणणं हा क्रूर विनोद होईल, आणि अशा बाईला साठीनंतर ‘तुम्हाला व्यायामाची गरज नाही, आयुष्यभर काम केलंय’ असं सांगणं हा त्याचाच दुसरा भाग.

भीतीचे आक्षेप तीन: हृदय, हाडं, गुडघे. हृदयाबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२३ च्या निवेदनात हृदयविकार असलेल्यांसाठीही योग्य देखरेखीखालचा वजनांचा व्यायाम सुरक्षित आणि हिताचा ठरवला आहे. छातीत दुखणं आटोक्यात नाही, बीपी आवरत नाही, हृदयाची झडप फार आकसली आहे, अशांनी आधी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी श्वास कोंडून कुंथू नये, उचलताना सोडावा, एवढं पाळावं. हाडांच्या भीतीची तर पुराव्यानं टर उडवली आहे. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडं ठिसूळ होत चाललेल्या १०१ स्त्रियांना दोन गटांत विभागलं. एका गटानं घरी हलके व्यायाम केले. दुसऱ्यानं आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जाणकाराच्या नजरेखाली, जमिनीवरून जड वजन उचललं, खांद्यावर घेऊन बैठका मारल्या, डोक्यावर ढकललं, वर उड्याही मारल्या. आठ महिन्यांनी हलक्या गटाच्या कण्याची घनता सव्वा टक्क्याच्या आसपास घटली, जड गटाची जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. इजा म्हणावी अशी एकच घटना घडली: एकीची पाठ किरकोळ धरली. गुडघ्यांच्या बाबतीत माझ्या बाजूचा विजय एवढा साफ नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ३७७ गुडघेदुखीच्या रुग्णांच्या दीड वर्षाच्या चाचणीत जड वजनांच्या व्यायामानं वेदना हलक्या व्यायामापेक्षा किंवा नुसत्या मार्गदर्शनापेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. गुडघेदुखी जावी म्हणून कुणी जड उचलणार असेल तर त्याला हे सांगायला हवं. पण ‘गुडघे झिजतील’ म्हणून उचलू नका, हेही त्या चाचणीतून निघत नाही.

आता ताट. रात्रीचं ‘हलकं’ जेवण म्हणजे वाटीभर मऊ भात, वर साजूक तूप, चमचाभर मेतकूट, बाजूला पेलाभर पातळ ताक. चवीला याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण हिशेब करा: पन्नास ग्रॅम तांदळात प्रथिनं साडेतीन ग्रॅम, मेतकुटात एखाद-दीड, ताकात दोन-तीन. फार तर आठ ग्रॅम. सकाळचे पोहे पाच, दुपारच्या दोन पोळ्या सहा, अर्धी वाटी वरण चार, भाजी आणि भाताची मूद मिळून चार, दोन चहांतलं दूध तीन, त्यात बुडवलेली खारी दोन. दिवसाची बेरीज तीस-बत्तीस. साठ किलोच्या माणसाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं दिवसाला पन्नासच्या आसपास लागतात, आणि वृद्धांच्या पोषणाचा खास विचार केलेल्या तज्ज्ञगटांनी २०१३ पासून किलोमागे एक ते १.२ ग्रॅम, म्हणजे साठ ते सत्तरच्या आसपास, सांगितले आहेत. आपण निम्म्यावर आहोत. वर आणखी एक अडचण: तरुण स्नायूला जेवणातल्या थोड्या प्रथिनांची चाहूल पुरते, म्हाताऱ्या स्नायूला हाक मोठ्यानं मारावी लागते. एका जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम असल्याशिवाय तो नीट जागा होत नाही. आठ ग्रॅमची हाक त्याला ऐकूच जात नाही.

भारतीयांच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे, आणि ते दाखवणारा माणूस पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा तोच, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काट्यावर सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून चरबीचा आणि स्नायूंना पारखा असतो. त्यानं ‘वजन आटोक्यात राहावं’ म्हणून आणखी हलकं खाल्लं तर जाणाऱ्या किलोंमध्ये मांस किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही. जास्त प्रथिनांनी किडनी बिघडते ही भीती आधीच किडनीचा विकार असलेल्यांसाठी खरी आहे. त्यांचा आहार त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावा, आणि मधुमेही माणसानं क्रिएटिनिन तपासल्याशिवाय ताट बदलू नये. निरोगी किडनीला साठ-सत्तर ग्रॅमनं इजा होते याचा पुरावा नाही. त्यासाठी डबे लागत नाहीत. घट्ट वरणाची पूर्ण वाटी सात-आठ ग्रॅम देते, मूठभर शेंगदाणे सात, पेलाभर दूध आठ, दोन अंडी बारा, खाणाऱ्याला एक बरा बांगडा वीसच्या घरात. सोयाबीन तर लातूरच्या बाजारात ढिगांनी येतं. तेल माणसांच्या वाट्याला जातं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या. ज्या घरात अंडंही चालत नाही आणि दूधही परवडत नाही तिथं हा हिशेब जुळवणं कठीण आहे, हे मान्य; पण ज्या घरांत ‘हलकं’ हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो, ती घरं सहसा ही नव्हेत.

वजनं नको, ताटही नको, त्यापेक्षा एखादी पुडी द्या, अशी जी वृत्ती आहे तिच्याबद्दल एकच. साठ हजार युनिटची ‘डी’ जीवनसत्त्वाची पुडी आपल्याकडे घरोघरी आहे. झुरिकमध्ये सत्तरीपुढच्या, आधी एकदा पडलेल्या दोनशे जणांना वर्षभर वेगवेगळ्या मात्रा दिल्या. महिन्याला चोवीस हजार घेणाऱ्यांतले ४८ टक्के त्या वर्षात पडले; साठ हजार घेणाऱ्यांतले ६७ टक्के. ज्याच्या रक्तात खरोखर कमतरता आहे त्यानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती भरून काढावी. पण पायांत बळ यावं म्हणून पुडी फोडणाऱ्याला बळ मिळत नाही, आणि पडण्याची शक्यता मात्र वाढू शकते.

उरतो तो सगळ्यांत जुना आक्षेप: पिकलं पान आहे, आता कशाला हा उपद्व्याप? शांतपणे राहू द्या. याला उत्तर आयुष्याच्या लांबीचं नाही. निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात झोपवून ठेवल्यावर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं आणि ताकद पंधरा टक्क्यांहून जास्त उतरली, असं २००७ च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. न्यूमोनियाचा एक आठवडा आणि नंतरचा ‘सक्तीचा आराम’ म्हणजे असेच दहा दिवस. ज्याच्या गाठीला ताकद आहे तो त्यातून उठतो. ज्याची उतरत उतरत कमोडवरून उठण्यापुरतीच राहिली होती, तो नाही उठत. मग त्याला उठवायला माणूस लागतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत बायको किंवा सून असते, जिची स्वतःची कंबर पन्नाशीतच गेलेली आहे. ‘जपून’ या शब्दाची किंमत शेवटी ती भरते. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथं तर पंचाहत्तरीपुढच्या ३७० रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयात दाखल असतानाच उठबस आणि वजनांचे व्यायाम करायला लावले. नेहमीच्या उपचारांवर राहिलेले घरी जाताना येतानापेक्षा परावलंबी झाले होते. व्यायाम केलेले तसे झाले नव्हते.

दर नोव्हेंबरात पेन्शनर बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात. खुर्च्या मांडलेल्या असतात, नंबर पुकारला की एकेक जण उठतो. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये ठरवलेली कसोटी या रांगेत कुणालाही, कुठल्याही यंत्राशिवाय घेता येईल: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायूंची तपासणी करायची. आणि ज्याला पाच वेळा उठता आलं नाही, त्याच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर ‘झेपेल तेवढं चाला’ लिहिण्याऐवजी असं लिहावं: भिंतीला टेकवलेली खुर्ची, खाली उशी ठेवून उंच केलेली, आठ वेळा उठणे, सावकाश बसणे, बसकण मारायची नाही, तीन फेऱ्या, एका दिवसाआड. पंधरा दिवसांनी उशी काढा. त्यानंतर दोन्ही हातांत एकेक लिटरची पाण्याची बाटली. महिन्यानं दाखवायला या, तेव्हा बाटल्या घेऊन या.